कम्युनिटी कॉलेजमधून सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट : चाळिशीच्या तोंडावर करावं का?

अबोली_डॅलस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

पुण्यातून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., मग एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नोकरी, मग लग्न आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, डॅलसजवळ. पुढची गोष्ट इथल्या निम्म्या बायकांना पाठ आहे. आता ग्रीन कार्ड आलंय, मुलं तेरा आणि नऊ वर्षांची, मी एकोणचाळीस. लॅबमध्ये परत जायचा प्रयत्न केला, पण मधली रिकामी वर्षं बघून कोणी पुढे बोलायलाच तयार होत नाही. ‘टेस्टिंग शिक, कोडिंग शिक’ हे सल्ले ऐकून झाले. त्यात माझं मन लागत नाही.

आमच्याकडच्या कॉलिन कॉलेजात (कम्युनिटी कॉलेज, म्हणजे कमी फीचं स्थानिक कॉलेज) सर्जिकल टेक्नॉलॉजी शिकवतात असं कळलं. ऑपरेशनची हत्यारं मांडायची, सर्जनच्या हातात द्यायची, निर्जंतुक क्षेत्र राखायचं. असेप्टिक तंत्रात, म्हणजे जंतू शिरू न देता काम करण्यात, माझी उमेदीची वर्षं गेलीत, त्यामुळे वाचताना हात शिवशिवले. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “एम.एस्सी. करून कात्र्या पुसणार का?” नवरा काही म्हणाला नाही, पण त्याचा चेहरा तेच म्हणत होता.

कोणी केलंय का हे? अभ्यास झेपतो का, नोकरी मिळते का, आणि मुख्य म्हणजे घर सांभाळून होतं का? एक बारीक भीती वेगळीच आहे. मला डिशवॉशच्या साबणानेही हाताला एक्झिमा येतो.

तिरकस

सासूबाईंशी सहमत नाही, पण प्रश्न रास्त आहे. रोबो ऑपरेशन करायला लागलेत आणि तुम्ही हत्यारं हातात द्यायचं शिकताय. दहा वर्षांनी हे काम उरेल का?

स्क्रबवाली

तिरकसराव, रोबोला कपडे कोण घालतं असं वाटतं तुम्हाला? दा विंची या सर्जरीच्या रोबोच्या एकेका हाताला निर्जंतुक आवरण चढवणं, तो पेशंटजवळ आणून जोडणं, मध्येच हत्यार बदलणं, कॅमेऱ्याची भिंग पुसणं, हे सगळं स्क्रब टेकच, म्हणजे हात निर्जंतुक करून टेबलाशी उभा राहणारा सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टच, करतो. सर्जन खोलीच्या कोपऱ्यात कन्सोलवर डोकं घालून बसलेला असतो. पेशंटशेजारी हात धुऊन उभे असतो आम्ही. रोबो आल्यापासून माझं काम वाढलंय.

अबोली, मी नॉर्थ कॅरोलायनात हेच काम करते, कम्युनिटी कॉलेजातूनच शिकले, आणि सुरुवात केली तेव्हा तुझ्याहून फार लहान नव्हते. सविस्तर लिहिते, पण आत्ता कॉलवर, म्हणजे बोलावतील तेव्हा हॉस्पिटलात जायच्या पाळीवर, आहे. रात्री.

पांढरी_टोपी

मी न्यू जर्सीत आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे, ओआरमध्येच, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सर्क्युलेटर (स्क्रब न करता खोली सांभाळणारी नर्स) म्हणून. स्पष्ट बोलते, राग मानू नये.

अमेरिकेत सर्जिकल टेकचा मध्य पगार वर्षाला साधारण ६०,००० डॉलरच्या आसपास आहे, नर्सचा ९०,००० च्या आसपास. कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवीही पूर्वअट विषय धरून तीनेक वर्षांत होते. म्हणजे एखादं वर्ष जास्त घालून पगारात एवढा फरक. शिवाय नर्स कंटाळली तर वॉर्ड, क्लिनिक, शाळा, इन्शुरन्स, कुठेही जाऊ शकते. टेकला ऑपरेशन थिएटर सोडून जायला जागा फार कमी. आणि पुढे नर्सिंग करावंसं वाटलं तर अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रो सोडता टेकच्या विषयांची क्रेडिट्स तिकडे धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून.

मी टेक लोकांना कमी लेखत नाही. चांगला टेक नसेल तर माझा दिवस वाईट जातो. पण एम.एस्सी. झालेली बाई, वय एकोणचाळीस, ग्रीन कार्ड हातात. नर्सिंग कर.

आयटी_हमाल

+१ पांढरी_टोपी. गणित साधं आहे.

स्क्रबवाली

आले. दोन अपेंडिक्स आणि एक सी-सेक्शन. आता चहा घेऊन बसलेय, मोठा प्रतिसाद आहे, गोड मानून घ्या.

पांढरी_टोपीचं गणित बरोबर आहे. फक्त गणितात एक गोष्ट धरलेली नाही. नर्सिंगच्या अभ्यासात ओआर जवळजवळ दिसतच नाही. शिकायचं मेडिकल-सर्जिकल वॉर्ड, बाळंतपण, मानसिक आरोग्य, औषधं, पेशंटच्या उशाशी बसणं. मग पास झाल्यावर ओआरमध्ये जायचं तर पेरिऑप १०१ सारखं वेगळं प्रशिक्षण, आणि तिथे बहुतेक ठिकाणी सर्क्युलेटरचं काम, म्हणजे स्क्रब न करता खोली चालवायची, कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या, सामान उघडून द्यायचं. जिला माणसांशी बोलायला आवडतं तिने नर्सिंगच करावं. जिला टेबलाशी उभं राहून हाताने काम करायचंय तिच्यासाठी टेक. अबोली, तू लिहिलंस की हात शिवशिवले. ते वाक्य नीट तपासून बघ. ते खरं असेल तर पगारातला फरक सोसवतो, नाहीतर दुसऱ्या वर्षीच बोचायला लागतो.

आता कॉलेजचं. पहिलं काम एकच: कोर्स सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या दोनपैकी एका संस्थेकडून मान्यताप्राप्त आहे का ते बघायचं. सीएसटी या प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायला साधारणपणे अशाच कोर्समधून पास व्हावं लागतं. टेक्सास, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत कायदाच आहे की हॉस्पिटलांनी प्रमाणित टेक घ्यावेत, काही अपवाद वगळता. जिथे कायदा नाही तिथेही हॉस्पिटलं जाहिरातीत तेच मागतात. काही खाजगी संस्था कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट फी घेतात. मान्यता नसेल तर ते पैसे पाण्यात.

कोर्सला साधारण एक ते दोन वर्षं लागतात, सर्टिफिकेट की असोसिएट पदवी यावर अवलंबून. त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मेडिकल टर्मिनॉलॉजी, मायक्रो, इंग्रजी असे विषय. तुझी भारतातली पदवी इव्हॅल्युएट करून घे, पण विज्ञान विषयांना बऱ्याच कॉलेजांत पाच-सात वर्षांची मुदत असते, त्याहून जुनं शिकलेलं धरत नाहीत. एम.एस्सी. मायक्रो असून पुन्हा मायक्रो १०१ ला बसावं लागलं तर चिडू नकोस. फुकटचा ए मिळेल.

मग लॅब. हात कसे घासायचे, गाऊन कसा घालायचा, बाहीतून बोटं बाहेर न काढता हातमोजे कसे चढवायचे. गाऊन घातला तरी सगळी तू निर्जंतुक नसतेस. छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंत फक्त समोरची बाजू आणि कोपराच्या थोडं वरपासून खाली बाह्या. पाठ नाही, काखा नाहीत, टेबलाच्या कडेखाली लोंबणारं कापड नाही. हात खाली सोडायचे नाहीत, कुणाच्या मागून जाताना पाठीला पाठ. लॅबमध्ये शिक्षिका मागे उभी असते आणि नुसती म्हणते, “कंटॅमिनेटेड.” की सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. नाक खाजलं तरी कंटॅमिनेटेड. आमच्या वर्गातला एक माजी सैनिक त्या शब्दाने रडकुंडीला आला होता.

हत्यारांची नावं शंभरांनी आहेत. केली, कोखर, अ‍ॅलिस, बॅबकॉक, मेट्झेनबॉम, डिबेकी, रिचर्डसन, वाइटलेनर. बहुतेक एखाद्या गेलेल्या सर्जनची आडनावं. अ‍ॅलिसला दात असतात, बॅबकॉकला नसतात. आतड्याला दात लावून चालत नाही, म्हणून तिथे बॅबकॉक. असं कारणासकट पाठ केलं तर राहतं. नुसते फ्लॅशकार्ड घोकणारे पहिल्या खऱ्या केसमध्ये गडबडतात, कारण सर्जन नाव घेईलच असं नाही. तो हात पुढे करतो. रक्त येतंय तर क्लॅम्प (रक्तवाहिनी दाबून धरणारा चिमटा), क्लॅम्प लावला तर पुढे टाय (बांधायचा धागा), टाय बसला तर कात्री. डोळा ऑपरेशनवर हवा, हत्यारांवर नाही.

पण खरी चाळणी क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, लागते. मान्यताप्राप्त कोर्समध्ये एकूण १२० केसेस कराव्या लागतात. त्यातल्या ३० जनरल सर्जरीच्या, आणि त्या ३० पैकी २० मध्ये तू फर्स्ट स्क्रब असायला हवीस, म्हणजे मांडणी, मोजणी, हत्यारं देणं हे मुख्यत्वे तूच केलेलं. उरलेल्या ९० इतर शाखांच्या, त्यात ६० फर्स्ट स्क्रब, किमान चार शाखांत पसरलेल्या: ऑर्थो, गायनॅक, ईएनटी, न्यूरो, जे तुझ्या हॉस्पिटलात होत असेल ते. कोपऱ्यात उभं राहून बघितलेली केस त्यात धरत नाहीत. एखाद्या लहान हॉस्पिटलात तुला पाठवलं आणि तिथे नुसत्या पित्ताशयाच्याच केसेस असल्या, की शेवटच्या महिन्यात ऑर्थोसाठी धावाधाव होते.

क्लिनिकलला पगार नाही. साडेसहाला हजर, पहिली केस साडेसातला. हॉस्पिटल कॉलेज ठरवतं, चाळीस मैलांवरचंही देतात. मुलांना शाळेत सोडणं हे काम त्या महिन्यांसाठी तुझ्या नवऱ्याचं. हे आधी बोलून घे, कोर्स सुरू झाल्यावर नाही.

परीक्षा त्यामानाने सरळ. १७५ प्रश्न, चार तास, त्यातले १५० मोजतात. बाकीचे २५ पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे असतात, पण कुठले ते तुला कळत नाही. तुझ्यासारखीला जड जाणार नाही.

एक्झिमाबद्दल सर्जनलोकांनी बोलावं. सांगलीकर आहेत का?

सांगलीकर_सर्जन

आहे, आहे. वाचतोय केव्हाचा. स्क्रबवाली, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

एक्झिमाला हलकं घेऊ नका. कातडीला चिरा असतील तर स्क्रब करणं तुमच्या दृष्टीनेही धोक्याचं आणि पेशंटच्याही. पण मार्ग आहेत. हल्ली दर वेळी ब्रश घेऊन घासावं लागत नाही, अल्कोहोलचे सर्जिकल रब आहेत आणि बऱ्याच जणांच्या कातडीला ते घासण्यापेक्षा सोसतात. हातमोजे लॅटेक्सविरहित मिळतात. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून नेमकं कशाचं वावडं आहे ते काढा, मग फी भरा.

अवांतर: तुमच्याच तक्रारीतून रबरी हातमोजे ओआरमध्ये आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलिन हॅम्प्टन नावाची स्क्रब नर्स होती. त्या काळी हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत, आणि तिच्या हातांची सालटी निघायला लागली. सर्जन विल्यम हॉल्स्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. हा १८८९-९० चा हिवाळा. १८९० मध्ये त्यांनी लग्न केलं. जंतुसंसर्ग टाळायला हातमोजे ही कल्पना त्यानंतर रुजली. सुरुवात नर्सचे हात वाचवण्यापासून झाली.

आता सासूबाईंच्या प्रश्नाबद्दल. माझ्याकडे तीस वर्षांपासून एक सिस्टर स्क्रब करतात. मी कधी गप्प झालो की त्यांना कळतं काहीतरी बिनसलंय, आणि मी मागायच्या आत व्हॅस्क्युलर क्लॅम्प हातात आलेला असतो. एकदा पोट शिवायला घेतलं आणि त्या म्हणाल्या, “सर, थांबा. एक मॉप कमी आहे.” (मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड.) मी म्हटलं आत काही नाही, मी बघितलंय. त्या म्हणाल्या, “असेल. पण एक कमी आहे.” यकृताच्या मागे सापडला. त्या दिवशी त्या माझ्या हुद्द्याला घाबरल्या असत्या तर काय झालं असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. कात्र्या पुसणारा माणूस हे करत नाही.

पांढरी_टोपी

काउंटवरून, म्हणजे हत्यारं आणि मॉप मोजण्यावरून: इथे तो दोघींनी मोठ्याने करायचा असतो, स्क्रब आणि सर्क्युलेटर. केस सुरू होण्याआधी, पोकळी शिवायच्या आधी, कातडी शिवताना, आणि मध्ये कोणी बदललं तर तेव्हाही. लॅप स्पंज (मोठे मॉप) पाचाच्या गठ्ठ्यात येतात, रेटेक (लहान गॉजचे तुकडे) दहाच्या. प्रत्येकात एक्स-रेमध्ये दिसणारा धागा असतो. आकडा जुळला नाही तर कचरा, चादरी, जमीन सगळं उपसायचं, आणि तरीही नाही मिळाला तर एक्स-रे काढल्याशिवाय सर्जनला जाऊ द्यायचं नाही. सर्जन रागावतात. रागावू देत.

तिरकस

सांगलीकर, हॉल्स्टेडची गोष्ट झकास. रोबोबद्दलचे शब्द मागे घेतो. पण “सर, थांबा” म्हणणाऱ्या सिस्टरचा पगार किती देता तेही लिहा.

सांगलीकर_सर्जन

हा हा. असायला हवा त्यापेक्षा कमी. भारतात सगळीकडे तेच आहे.

चिंगी७७

याच धाग्यावर विचारते. माझी पुतणी बारावी सायन्सला आहे, नीटचे मार्क बेताचे येतील असं दिसतंय. ओटी टेक्निशियनचा कोर्स महाराष्ट्रात चांगला आहे का? आणि तो करून पुढे अमेरिकेत जाता येईल का?

सांगलीकर_सर्जन

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी कोर्स आहे, त्यात ऑपरेशन थिएटर टेक्निशियन ही शाखा मिळते. तीन वर्षं, आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. गल्लीबोळातल्या सहा महिन्यांच्या डिप्लोम्याला चुकूनही जाऊ नका. २०२१ मध्ये केंद्राने सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात ओटी टेक्नॉलॉजिस्ट येतात, त्यामुळे नोंदणी असलेल्या माणसाला पुढे किंमत येणार. मात्र आपल्याकडे या मुलांचं बरंचसं काम भूलतज्ज्ञांच्या बाजूला असतं: बॉइल्स मशीन (भूल देण्याचं यंत्र), मॉनिटर, पेशंटची पोझिशन. टेबलावर स्क्रबला बहुतेक सिस्टरच.

स्क्रबवाली

अमेरिकेबद्दल: चिंगीताई, तेवढ्यासाठी करू नका. सीएसटीला इथला मान्यताप्राप्त कोर्स लागतो, भारतातला डिप्लोमा थेट चालत नाही. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला निदान बॅचलर पदवीची गरज असलेली नोकरी लागते, सर्जिकल टेक त्यात बसत नाही. नर्स आणि फिजिओथेरपिस्टना ग्रीन कार्डच्या वाटेत जी खास सवलत आहे तीही टेकना नाही. हे काम इथे आधीच कायदेशीर राहणाऱ्यांसाठी आहे.

लंडनचा_बंड्या

इंग्लंडमधून एक पोस्ट. इकडे याच्या जवळचा व्यवसाय म्हणजे ओडीपी, ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर. तीन वर्षांची पदवी, एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी, आणि भूल, सर्जरी, रिकव्हरी तिन्ही शिकवतात. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) सुरुवात बँड ५ या पगारश्रेणीत, म्हणजे नव्या नर्सइतकीच. त्यामुळे इकडे नर्स की ओडीपी हा वाद पगारावरून होत नाही. चिंगी७७, पुतणीला परदेशच हवं असेल तर ही वाट बघायला हरकत नाही, पण इथल्या विद्यापीठाची फी ऐकून चहा सांडू देऊ नका.

कॅल्गरीकर

कॅनडात सर्जिकल टेक असा वेगळा प्रकार सहसा नाही, स्क्रबला बहुतेक नर्सच असतात. इकडे येणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आयटी_हमाल

मी वर +१ दिला होता, आता माझी बाजू पण लिहितो. बायकोने मिडवेस्टात हाच कोर्स केला. आता ऑर्थोमध्ये आहे.

पैशाचं गणित मी लॅपटॉपवर केलं होतं, पण घरातल्या गणिताची शीट कुणी बनवत नाही. कॉलची रात्र असली की फोन आल्यापासून ठरावीक वेळात, तिच्याकडे अर्धा तास, हॉस्पिटलात पोचायचं. म्हणजे त्या दिवशी आम्ही वीस मैलांवरच्या मित्राकडे गणपतीच्या आरतीला जाऊ शकत नाही. दिवाळीला कॉल लागला तर लागला. नवी आलेली असल्यामुळे पहिली दोन वर्षं तिलाच लागला.

शरीराचं पण सांगतो. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनला हत्यारांचे ट्रे ढिगाने असतात, एकेक ट्रे दहा-अकरा किलोपर्यंत. एक्स-रे चालू असेल तर अंगावर शिशाचा एप्रन. घरी आली की पाय गरम पाण्यात. चांगले बूट घ्या, त्यात काटकसर नको.

आणि तरी तिला विचारलं की नर्सिंग करायला हवं होतं का, तर ती ‘नाही’ म्हणते. मला अजून पूर्ण कळलेलं नाही का ते. पण आमच्याकडे रात्री जेवताना ती हाडात स्क्रू कसा बसवतात ते रंगवून सांगते आणि मुलं तोंड वेंगाडून ऐकतात, एवढं खरं.

अबोली_डॅलस

किती लिहिलंत सगळ्यांनी! नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला दिला. आयटी_हमालांच्या प्रतिसादावर तो बराच वेळ थांबला होता. सासूबाईंना सांगलीकरांचा मॉपचा किस्सा मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाल्या, “मग त्या सिस्टरचं नाव पाटीवर का नाही?” उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी दोन-तीन शंका. मी मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या रोज घालते, त्याचं काय? मंगळवारी-गुरुवारी उपवास असतो. आणि रक्त बघून भोवळ आली तर? लॅबमध्ये रक्त नव्हतं.

स्क्रबवाली

बांगड्या, अंगठ्या, घड्याळ: स्क्रब करायचं तर सगळं उतरवायचं, त्यात तडजोड नाही. गळ्यातलं एकतर काढायचं किंवा पूर्ण झाकलेलं ठेवायचं, प्रत्येक हॉस्पिटलचा नियम विचारून घे. माझी वाटी मी कुलपातल्या पर्समध्ये ठेवते. खोटी नखं, जेल पॉलिश बंद.

उपवासाला क्लिनिकलच्या दिवशी सुट्टी दे. विद्यार्थी भोवळ येऊन पडतात ते रक्ताने कमी आणि रिकाम्या पोटी, गुडघे ताठ ठेवून, मास्कमध्ये उभं राहिल्याने जास्त. सकाळी पोहे-उपमा काहीतरी पोटात, पाणी, गुडघे किंचित सैल. तरी डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाजायचं नाही, सांगायचं आणि टेबलापासून मागे सरून खाली बसायचं. पुढे, निर्जंतुक टेबलावर पडलीस तर मात्र सगळ्यांच्या लक्षात राहशील. मला स्वतःला रक्ताचं काही वाटलं नाही, बोव्हीने (विजेच्या चटक्याने कापणारं, रक्त थांबवणारं हत्यार) मांस जळतानाचा वास मात्र पहिले काही आठवडे जेवणात यायचा.

माणसांबद्दलही सावध करते. शिकवणारे टेक सगळे मायाळू नसतात. मी शिकत असताना एकीने आठवडाभर मला फक्त ‘स्टुडंट’ म्हणून हाक मारली. एक सर्जन नको ते हत्यार दिलं की ते जमिनीवर टाकायचा. अशा ठिकाणी दोन गोष्टी उपयोगी पडल्या: चूक झाली की लगेच मोठ्याने सांगायची, आणि त्याच दिवशी त्या केसची मांडणी वहीत काढून ठेवायची, कुठला सर्जन, कुठला धागा, हातमोज्याचा नंबर काय, डावखुरा आहे का. महिनाभराने तोच सर्जन आला आणि त्याचा साडेसातचा हातमोजा मी न विचारता उघडवला, तेव्हापासून तो नावाने हाक मारायला लागला.

पांढरी_टोपी

लसींचं कुणी लिहिलं नाही, तिथे भारतीय लोक हमखास अडकतात. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे टीबीची कातडीवरची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, पत्रं, धावपळ. सरळ रक्तातली टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन वगैरे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हेपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. दोन डोसांची नवी लसही आहे, महिन्याच्या अंतराने. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या नोंदी आपल्याकडे कुणाकडेच नसतात, त्यामुळे अँटिबॉडी टायटर, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. हे सगळं प्रवेश मिळायच्या आधीच सुरू करा. सीपीआरचं कार्ड, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट हे कॉलेज सांगेल तेव्हा.

आणि हो, माझं मत अजून नर्सिंगच. पण धागाकर्तीने स्क्रबवालीचं ऐकलं तरी मी माझ्या ओआरमध्ये तिच्यासोबत आनंदाने काउंट करेन.

तिरकस

मधला मार्ग कुणीच सुचवला नाही. हॉस्पिटलात हत्यारं धुऊन, निर्जंतुक करून ट्रे बांधणारा विभाग असतो ना? तिथे आधी नोकरी धरून बघता येत नाही का? दोन वर्षं घालायच्या आधी चव कळेल.

स्क्रबवाली

तिरकसराव, आज तुम्ही लाखातलं बोललात. स्टेराइल प्रोसेसिंग. त्याचं सीआरसीएसटी हे प्रमाणपत्र एचएसपीए ही संस्था देते, त्याला परीक्षेबरोबर ४०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. पगार टेकपेक्षा कमी, पण पेशंट नाही, ऑपरेशन नाही, आणि मायक्रोबायॉलॉजीवालीला ऑटोक्लेव्ह, बायॉलॉजिकल इंडिकेटर हे सगळं ओळखीचं. तिथे सहा महिने काढलेली मुलगी आमच्याकडे येते तेव्हा तिला हत्यारं आधीच पाठ असतात. अबोली, प्रवेशाची वाट बघताना हे करता आलं तर बघच. बहुतेक कोर्स वर्षातून एकदाच सुरू होतात आणि जागा थोड्या, त्यामुळे वाट बघावी लागतेच.

अबोली_डॅलस

हे डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी कॉलेजचं माहितीसत्र आहे, नवरा पण येतोय, स्वतःहून म्हणाला. तिथे काय विचारू?

स्क्रबवाली

क्लिनिकलच्या जागा कोर्सकडे पक्क्या आहेत का, की ऐन वेळी शोधतात. सर्वांत लांबचं हॉस्पिटल किती मैल. त्याच हॉस्पिटलात दुसऱ्या किती कॉलेजांचे विद्यार्थी येतात, कारण मग केसेससाठी ओढाताण होते. गेल्या बॅचमधले किती जण मध्येच सोडून गेले आणि का. पास होण्याचं किंवा नोकरी लागण्याचं प्रमाण मान्यताप्राप्त कोर्सना जाहीर करावंच लागतं, ते आधीच वाचून जा म्हणजे उत्तर देणारा सावरून बसेल. ग्रीन कार्ड आहे तर फाफ्साचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीचा, अर्जही भर, फी आधीच कमी आहे. फक्त पेल ग्रँट हे सरकारी अनुदान आधीच पदवी असलेल्यांना मिळत नाही, त्यामुळे तुझ्या एम.एस्सी.मुळे ते धरून चालू नकोस. एच-४ वर असणाऱ्या वाचकांनो, तुम्हाला ही केंद्र सरकारची मदत मिळत नाही.

आणि लॅब दाखवा म्हण. हत्यारं जुनी असली तरी चालतील, पण टेबलं मांडलेली आहेत की सगळं कपाटात बंद, ते बघ.

अबोली_डॅलस

लिहून घेतलं. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मंगळवारची मिळाली, क्वांटिफेरॉनचं विचारायचं आहे. पॅच टेस्टमध्ये काय निघतं त्यावर पुढचं. सत्राहून आल्यावर इथेच लिहिते.

ह्यूस्टन_हायवे

उशिरा आलो. ह्यूस्टनमध्ये माझी बहीण हाच विचार करतेय. ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजात कोणी केलंय का? क्लिनिकल शहरातल्या मेडिकल सेंटरमध्ये मिळतं की उपनगरात?

स्क्रबवाली

मला ह्यूस्टनचं माहीत नाही. वेगळा धागा काढा, शीर्षकात गाव टाका, नाहीतर इथे कुणाला दिसणार नाही.